उतरणं

माझं नाव इल्मारी. आमच्या भाषेत
इल्मा म्हणजे हवा.
नाव ठेवताना बापानं
पुढचा विचार केला नसावा.

अकराव्या वर्षी मी स्की-उडीच्या टेकडीवर चढलो,
सत्ताविसाव्या वर्षी गुडघ्यानं खाली आणलं.
मधली सोळा वर्षं
हलकं असणं हा माझा धंदा होता.
प्रशिक्षक म्हणायचे, हवेला हाडं आवडतात.
मी हवेच्या आवडीनिवडी सांभाळल्या,
स्वतःच्या विसरलो.

आता कुओपिओच्या ग्रंथालयात
परत आलेली पुस्तकं फळीवर लावतो.
उडी सुटली. हिशेब सुटला नाही.
ताटात बटाटा दिसला की डोक्यात
एक बारीक कारकून जागा होतो,
कानामागची पेन्सिल काढतो.

साईनी एका रात्री एवढंच म्हणाली,
"तू जेवायला बसलास की
घरात तिसरंच कुणी बसल्यासारखं वाटतं मला."
ताट तसंच राहिलं. सकाळी मी फोन उचलला.

पहिल्या आहारतज्ज्ञानं
माझ्या गालफडांकडे पाहून विचारलं,
"शरीर इतकं छान कसं राखलंत?"
त्या संध्याकाळी मी सौनात बसून राहिलो
दगड थंड होईपर्यंत.

दुसरी भली बाई होती.
तिनं तक्ता दिला, रंगीत, लॅमिनेट केलेला.
कारकुनाला आयतीच नवी वही मिळाली.
महिनाभर तो झोपला नाही.

तिसरीसाठी सहा आठवडे थांबलो.
आधी फोन. साईनीनं प्रश्न लिहून दिले होते,
किराण्याच्या पावतीमागे:
असं दुखणं पाहिलंय का तुम्ही?
पुरुषांचं? चाळिशीकडे झुकलेल्यांचं?
माझ्या डॉक्टरांशी बोलाल?
आणि काटा... काट्याचं काय?
पलीकडे जरा शांतता.
"काटा कपाटात असतो.
त्याच्यावर माझे हिवाळी बूट ठेवते."

तेल्लेर्वो रास्सानेन. साठीची, चष्मा दोरीला.
तिनं किती ते विचारलंच नाही. विचारलं,
"चवीसाठी म्हणून शेवटचं काय खाल्लंत?"

खिडकीबाहेर गोठलेल्या सरोवरावर
भोक पाडून कुणी गळ टाकून बसलं होतं.
त्याला काही लागेपर्यंत
मलाही काही आठवेना.

मग आठवलं: मी सात वर्षांचा,
बंदरावर एस्कोमामा कलाकुक्को कापतोय,
काळ्या पावाच्या कवचातून वाफ,
आत चिमुकले मासे काट्यासकट मऊ झालेले,
चाकूवर लोणी. मी मनगटापर्यंत चाटलं होतं.

"कसं लागलं?"
मी शब्द शोधत राहिलो. सोळा वर्षं
जिभेला कुणी काही विचारलं नव्हतं.
"खारट," म्हणालो शेवटी.
तिनं वहीत लिहिलं: खारट.
पहिल्या तासाची नोंद तेवढीच.

फेब्रुवारीत मी तिच्याशी दोनदा खोटं बोललो.
तिसऱ्यांदा बोलायच्या आतच
तिनं दालचिनीचे दोन पाव काढले,
एक माझ्यासमोर ठेवला
आणि दुसरा स्वतः खाल्ला, सावकाश,
मिशीला लागावी तशी साखर ओठावर घेऊन.
आहार सांगणारी माणसं जेवतात
हे मी तोवर पाहिलंच नव्हतं.
माझा तसाच राहिला. तिनं तो
कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला.
बसथांब्यावर अर्धा खाल्ला. उरलेल्याचं
काय केलं ते सांगणार नाही.

लोकांना वाटतं, उडणं कठीण.
कठीण असतं उतरणं:
एक पाऊल पुढे, गुडघे सैल,
हात पसरून कबूल करायचं
की जमीन येतेय.
मी वजन उतरवण्यात पटाईत.
घास उतरवणं
नव्यानं शिकतोय.

आज शनिवार. बाजारातून
अर्धा कलाकुक्को आणलाय.
साईनी लोणी शोधतेय, भांडी वाजवत, मुद्दाम.
कारकून आलाच. पेन्सिलीला टोक करतोय.
बस म्हटलं त्याला, पण तिथं, दाराशी.

घास घशाशी थांबतो.
थांबू दे.
खाली मैदान
बरंच मोठं आहे.